सौंदत्तीच्या उन्हात साठ किलोमीटर

आपल्या बेळगावच्या माणसाला ऊन म्हणजे काय ते खरे म्हणजे ठाऊक नसते. गाव साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिल-मेमध्ये दुपारी थोडे तापले की संध्याकाळी वळीव येतो, मातीचा वास सुटतो आणि आपण पुन्हा गरिबांचे महाबळेश्वर म्हणून मिरवायला मोकळे. पण बैलहोंगल ओलांडून पूर्वेला निघा. ऐंशीएक किलोमीटरवर सौंदत्ती. झाडे विरळ होत जातात, ऊस संपतो, काळी भुई सुरू होते आणि बसच्या खिडकीतून येणारा वारा चुलीपुढून आल्यासारखा लागतो.

ही सौंदत्ती माझे आजोळ. आई तिथल्या कानडी घरातली, वडील बेळगावचे मराठी. त्यामुळे शाळेची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी यल्लम्माच्या डोंगराच्या पायथ्याशी गेली. अज्जीचा एकच कायदा होता. सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. खिडकीला ओले पोते, कोनाड्यात मजिगेचा गडवा, आणि बाहेर डोकावले तरी अज्जीचा आवाज, “बिसिल भाळ ऐती, ओळग कूडो!” कायदा मोडला म्हणून मी तिच्या हातचा मारही खाल्ला आहे.

आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, अज्जी जाऊन वीस वर्षे झाल्यावर, मी त्याच उन्हात साठ किलोमीटर सायकल हाणायला पैसे भरून गेलो!

सायकल माझ्याकडे आली ती कोरोनाच्या दिवसांत. कॉलेज बंद, वर्ग मोबाईलवर, पोट पुढे. सुरुवातीला राजहंसगडापर्यंत जाऊन यायचे एवढाच नेम होता. पुढे जाड टायरची, पुढच्या चाकाला धक्के पचवणारी डोंगरी सायकल घेतली आणि डांबर सोडून पाणंदी धरल्या. या डोंगरी सायकलींची शर्यत १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. तिचाच लांब पल्ल्याचा प्रकार म्हणजे मॅरेथॉन. जागतिक सायकल संघटनेच्या नियमात ती साठ ते एकशे साठ किलोमीटरची असते. म्हणजे आमची साठ ही सगळ्यांत खालची पायरी. पण पायरी खाली असली तरी ऊन वरचेच होते.

२०२५ सालचा एप्रिल. चैत्री पौर्णिमेची यात्रा होऊन आठवडा उलटला होता, पण रस्त्याकडेला बैलगाड्यांच्या मुक्कामाच्या चुली अजून काळ्या दिसत होत्या आणि दगडांवर भंडारा होता. तीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या. सुरुवात सकाळी साडेसहाची ठरली होती. पाहुणे आले पावणेआठला. मग हार, शाली, सायकलीचे महत्त्व या विषयावर भाषण. शिट्टी वाजली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. गार हवेचा दीड तास शालींनी खाल्ला, त्याची किंमत दुपारी वसूल झाली.

साठेक स्पर्धक असतील. विजयपूर-बागलकोटकडची पोरे पुढे. त्या भागात सायकलिंग हा आपल्याकडच्या कुस्तीसारखा नादच आहे. काटक, काळीसावळी, उन्हातच वाढलेली. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यांची सवय जन्माची होती, आणि मी आदल्या संध्याकाळी बेळगावहून उतरलेलो, जिथे रात्री अजून चादर लागत होती.

पहिले बारा किलोमीटर मलप्रभेच्या फुगवट्याकडेने. ही नदी उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला, जिथे पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. आणि तिला अडवून साठवले आहे ते इथे नविलुतीर्थाला, जिथले लोक पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात. नविलु म्हणजे मोर. डोंगरापाशी अडलेल्या नदीला मोराने वाट दाखवली अशी गोष्ट अज्जी सांगायची. मी भूगोल शिकवतो, तरी तो कापलेला डोंगर पाहिला की मला आधी मोरच आठवतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि काठाच्या काळ्या मातीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. नजर त्या भेगांवर, हात ब्रेकवर. पाण्याकडे बघायची सोय नाही.

मग चढ. बदामी, गोकाक आणि सौंदत्ती ही सगळी एकाच खडकाची भावंडे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म, कठीण आणि लालसर, पायऱ्यापायऱ्यांनी उभा. आणि या चढावर मला एक गोष्ट कळली, जी पुस्तकात वाचूनही कळली नव्हती. पायाने लावलेल्या जोरातला जेमतेम चौथा हिस्सा सायकलीच्या कामी येतो, बाकी सगळ्याची शरीरात उष्णताच होते. सपाटीवर वेग असतो, वारा लागतो, घाम उडतो. चढावर वेग ताशी सहा-सात, म्हणजे चालल्यागत. तेव्हा जोर सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. त्यात खालून खडकही भाजत असतो. घाम हनुवटीवरून हँडलवर टपटप पडतो, पण गार काही होत नाही. सायकलीवरच्या मीटरने ४३ आकडा दाखवला. तो उन्हात तापलेला, म्हणून दोन-तीन अंश कमी धरा. तरी पुष्कळ झाले.

रट्ट राजांची राजधानी आधी सुगंधवर्तीला, म्हणजे या सौंदत्तीला होती. पुढे त्यांनी ती वेणुग्रामला, म्हणजे आपल्या बेळगावला हलवली. इतिहासाचे प्राध्यापक त्याची राजकीय कारणे सांगतील. मला त्या चढावर खरे कारण समजले.

पहिली फेरी सव्वादहाला संपली. मामा रस्त्याकडेला लिंबाखाली मजिगेची बादली घेऊन उभे. मीठ, जिरे, कोथिंबीर. दोन तांबे पोटात गेले. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “एन अळिया, हुच्चु हिडदैतेनु?” (अळिया म्हणजे जावई आणि भाचाही. दोघांनाही वेड लागू शकते म्हणून एकच शब्द ठेवला असावा.) मी हसलो आणि निघालो. बाटलीत क्षारांची पुडी घातली होती, कारण नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतते. पण दुसऱ्या फेरीत पस्तिसाव्या किलोमीटरवरचे पाण्याचे ठाणे गाठले तर तिथे रिकामे कॅन आणि सावलीला बसलेले एक कुत्रे.

पंचेचाळिसाव्या किलोमीटरला, डोंगर उतरून पुन्हा काळ्या रानात आल्यावर, पुढे एक निळा सदरा दिसला. माझा जुना विद्यार्थी. बैलहोंगलकडचा, घरात कानडी, माझ्याशी मात्र तीन वर्षे आवर्जून मराठीत बोललेला. वय बावीस. सकाळी तो मला मागे टाकून गेला होता. आता बाभळीपाशी सायकल धरून उभा होता. खरे सांगतो, मला आनंद झाला. बावीस वर्षांच्या पोराला गाठले! जवळून जाताना विचारले, “काय रे, बरा आहेस ना?”

तो माझ्याकडे बघत म्हणाला, “बस् बंतेनो?”

मला वाटले थट्टा करतोय. हसून पुढे गेलो. दोनशे मीटर तरी गेलो असेन. मग काहीतरी टोचायला लागले. ते बसचे नव्हते. ते ‘नो’चे होते. आपल्याकडे कानडी बोलणारा कुठलाही मुलगा मास्तरांशी ‘री’ लावल्याशिवाय बोलत नाही. झोपेतून उठवले तरी ‘बंतेन्री सर’ असेच येईल. याने मला ‘नो’ म्हटले, म्हणजे त्याने मला ओळखलेच नव्हते.

ते दोनशे मीटर आजही मला आवडत नाहीत.

परत आलो तेव्हा तो खाली बसला होता. अंग घामाने निथळत होते. उष्माघातात घाम थांबतो अशी आपली समजूत, पण ते घरात बसल्या म्हाताऱ्या माणसांचे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असतो आणि बघणारे फसतात. खरी खूण म्हणजे भ्रम. नाव विचारले तर भलतेच बोलला. अंग तव्यासारखे. त्या स्थितीत तोंडात पाणी ओतायचे नसते, श्वासात जाते. आधी थंड करायचे, मग हलवायचे, आणि तेही मिनिटामिनिटाच्या हिशेबाने.

बांधापलीकडे एक वस्ती दिसत होती. हाक मारली. पन्नाशीची एक बाई आल्या, बघितले आणि काही विचारलेच नाही. आम्ही दोघांनी त्याला ओढत नेऊन गोठ्याच्या सावलीतल्या, बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत घातले, कपड्यांसकट, मानेपर्यंत. मी डोके धरून बसलो. बाई घागरीने डोक्यावर पाणी ओतत होत्या आणि सारखे म्हणत होत्या, “एळप्पा, एळ मगन.” बैल लांबून बघत होता. फोनला एकच कांडी होती, तरी आयोजकांना आणि मामेभावाला लागला.

किती वेळ गेला ते नीट सांगता येणार नाही. मला दोन तास वाटले, मामेभाऊ पंचवीस मिनिटांत पोचला म्हणतो. त्याच्या आधी पोराने डोळे माझ्यावर स्थिर केले आणि विचारले, “सर, काय झालं?”

मराठीत. आणि सर. मी डोणीच्या काठावर डोके टेकून रडलो, हे बाईंनी पाहिले आणि दुसरीकडे बघितले.

टेम्पोत ओल्या गोणपाटावर निजवून त्याला दवाखान्यात नेले. तिथे पोचेपर्यंत ताप १०२वर उतरला होता. सलाइन, रक्ततपासणी, एक रात्र मुक्काम. डॉक्टर म्हणाले, डोणीने काम केले. त्याच्या आई-वडिलांना मीच फोन केला, कानडीत, आणि माझ्या कानडीला एवढे कमी शब्द आहेत हे मला तेव्हा जाणवले. शर्यत अर्थातच राहिली. निकालाच्या कागदावर आम्हा दोघांच्या नावापुढे रेघ आहे.

रात्री मामांच्या कट्ट्यावर बसलो होतो. मामी चिडून बोलतच नव्हती. मामांनी फक्त एवढे विचारले की पुन्हा जाणार का. मी जानेवारीत जाईन म्हणालो. त्यावर त्यांनी पान लावायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाबरोबर सायकली आणायला गेलो. बाईंनी त्या दोन्ही गोठ्यात आत नेऊन ठेवल्या होत्या, वर ओले पोते टाकून. रबर वितळेल म्हणून, म्हणाल्या. पैसे पुढे केले तर हात मागे घेतले. “हुडुगा आराम अदान्रीs?” एवढेच विचारले. आराम आहे म्हटल्यावर आत जाऊन चहा टाकला. आम्ही टेकलो. पोराबद्दल, त्याच्या गावाबद्दल, यंदाच्या हरभऱ्याबद्दल बोलणे निघाले आणि लांबत चालले. साडेनऊ वाजायला आले तसे बाई उठल्या, बाहेर अंगणात हात धरून ऊन पाहिले आणि आम्हाला म्हणाल्या, आता निघा, दहाच्या आत घरात पोचा.