चौकट पूर्ण राहू द्या

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ माझं छोटं दुकान आहे. पूर्वी तिथे व्हिडिओ लायब्ररी होती. आता लोक जुन्या कॅसेट आणि डिस्क घेऊन येतात आणि मी त्या संगणकावर उतरवून देतो. लग्न, मुंज, बारसं यांच्या कॅसेटींबरोबर पिशवीतून हमखास एखादा ‘श्यामची आई’ किंवा ‘संत तुकाराम’ निघतो, मुलांसाठी हौसेनं घेतलेली कार्टूनची कॅसेटही निघते. लग्नाच्या कॅसेटची काळजी सगळ्यांना असते. चित्रपट मात्र ‘कुठेही मिळेल’ म्हणून बाजूला ठेवतात. मला तसं वाटत नाही. मिळतो तो कसा मिळतो, हे पाहावं लागतं.

मुंबईत शेमारूनं १९७९ साली व्हिडिओ लायब्ररी सुरू केली. पुढे गल्लोगल्ली कॅसेट भाड्यानं मिळू लागल्या. २००७ साली मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. भाड्यानं पाहायचा चित्रपट कपाटात कायमचा राहू लागला. स्वस्ताईची किंमत चित्रानं मोजली. व्हीसीडीच्या चौकटीत ३५२ गुणिले २८८ ठिपके, डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६. शिवाय एका व्हीसीडीत ७४ मिनिटंच मावतात, त्यामुळे कुठे कुठे गाण्याच्या मधेच डिस्क संपते. असे तुकडे मी आधी सलग जोडून घेतो.

कॅसेटचा खरा शत्रू ठाण्याचा पाऊस. फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले की ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. नाक्यावरच्या देवीचं नवरात्र उरकलं, हवा कोरडी झाली, की मी अशा कॅसेट उघडून पुसायला घेतो. घाई परवडत नाही, कारण बिघडलेल्या यंत्राच्या जागी नवं यंत्र मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं.

सफाई हातानं होते, पण पुढचं काम नजरेचं आहे. “काका, बाजूच्या काळ्या पट्ट्या काढा ना, स्क्रीन भरून दिसू दे,” असं गिऱ्हाईक सांगतं. जुन्या चित्रपटाची चौकट चौरसाच्या जवळची असते. आजच्या रुंद पडद्यासाठी ती वरखाली कापली तर चित्राचा चौथा हिस्सा जातो, ताणली तर माणसं जाड होतात. ‘संत तुकाराम’मध्ये दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी वर आकाश आणि खाली गावकरी मोजूनमापून मांडले. त्यातलं काय टाकायचं हे मी कोण ठरवणार? चित्र गुळगुळीत करायचा मोहही असाच. फिल्मचे दाणे पुसताना तुकारामांच्या बायकोच्या, जिजाईच्या लुगड्याचा पोतही पुसला जातो.

वेगाचंही तेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीच्या डिस्कवर अनेकदा २५ चौकटींनी. सव्वादोन तासांच्या चित्रपटात सुमारे पाच मिनिटं कमी होतात आणि आवाज अर्धस्वराच्या आसपास चढतो. पडद्यावर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा गळा ओळखणाऱ्या माणसाला हे लगेच खटकतं. तिथे मी वेग पुन्हा २४ वर आणतो. माझ्या कामात एवढीच सुधारणा बसते, कारण तिनं चित्रपट मूळच्या जागी परत जातो.

मूळ प्रतीही कायम राहतील असं नाही. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या प्रती जळाल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून केलेला ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही. घरातली डिस्क मूळ फिल्मची बरोबरी करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढची पिढी हे चित्रपट ज्या रूपात पाहील, तेच तिला खरं वाटेल. म्हणून ते रूप प्रामाणिक हवं.

तुमच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर त्या उभ्या ठेवा, ओलीपासून दूर ठेवा आणि बुरशी तपासल्याशिवाय लावू नका. उतरवायला द्याल तेव्हा चौकट कापू नका असं बजावून सांगा आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.