भिंतीच्या पोटात काय आहे?

मुलांनो, तुमच्या घराची भिंत किती जाड आहे? फूटपट्टी घ्या आणि खिडकीपाशी मोजून बघा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सहा नाहीतर नऊ इंच भरेल. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराची भिंत भरायची चांगली दोन फूट! दगडमातीची. वर मातीचं जाडजूड माळवद. भर उन्हाळ्यात आत कसं गारगार वाटायचं. "आपलं घर म्हणजे किल्ला आहे किल्ला!" असं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, अभिमानानं सांगायचे.

मी आठवीत होते. गणपती विसर्जनानंतरची रात्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला जमीन हादरली. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. पण किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांमध्ये घरंच्या घरं कोसळली. हजारो माणसं झोपेतच गेली. ती घरंही आमच्यासारखीच होती, जाड भिंतींची. मग एवढ्या जाड भिंती पडल्या कशा? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

त्याचं उत्तर शोधायलाच मी सिव्हिल इंजिनिअर झाले. पदवीची चार वर्षं संपली, 'गेट' नावाची परीक्षा दिली आणि एम.टेक.ला गेले. आजी म्हणाली, "घर बांधायला शिकलीस ना? मग आता आणखी काय शिकायचं राहिलं गं?"

सांगते. पदवीपर्यंत आपण पुस्तकातली उत्तरं शिकतो. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मात्र असा एक प्रश्न घ्यायचा, की ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं. मार्गदर्शक सरांना विचारावं तर ते हसून म्हणतात, "मलाही माहीत नाही. तू शोध आणि मला सांग!" यालाच म्हणतात संशोधन.

आता त्या जाड भिंतीचं गुपित ऐका. ती एक भिंत नसतेच! बाहेरच्या बाजूला एक, आतल्या बाजूला एक, आणि मधे दगडांचे तुकडे न् माती. हादरे बसले की या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात. भिंतीला पोट येतं, ती फुटते आणि वरचं माळवद खाली येतं. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे असतात. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर एक. शर्टाच्या दोन बाजू बटणांनी जोडतो ना, तसे.

हे दगड भिंतीला नेमकी किती मदत करतात, ते मला मोजायचं होतं. प्रयोगशाळेत सहा भिंती बांधल्या. तीन बटणवाल्या, तीन बिनबटणाच्या. जॅकनं वरून दाब वाढवत न्यायचा आणि भिंतीला पोट किती येतं ते डायल गेजवर वाचायचं. सगळं अगदी मनासारखं चाललं होतं. आणि सहावी भिंत, बटणवाली बरं का, बिनबटणाच्या भिंतींच्याही आधी फुटली!

मला रडूच आलं. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. वाटलं, पाचच भिंती बांधल्या असं लिहिलं तर कोणाला कळणार आहे? प्रयोगवहीत मी तो आकडा पेन्सिलीनं लिहून ठेवला.

सरांनी वही पाहिली. रागावले नाहीत. खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "आधी यानं लिही. मग भिंत उकल. ती काहीतरी सांगतेय."

भिंत उकलली. बघते तर काय, आरपार लांब दगड असायला हवे होते, तिथे दोन ठिकाणी समोरासमोर ठेवलेले आखूड तुकडे! मी जेवायला गेले होते तेव्हा गवंडीमामांनी ते लावले होते. मामा ओशाळून म्हणाले, "ताई, लांब दगड कमी पडले. बाहेरून दिसतंय का काही?"

बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं. पण चूक मामांची एकट्याची थोडीच होती? दगड मोजून ठेवायचं काम माझं होतं. आणि तेव्हा लक्षात आलं, गावोगावी हेच झालं असणार. लांब दगड मिळतात कुठे? मिळाले तरी ते घडवायचे पैसे कुणाकडे असतात? माझा प्रश्नच बदलला. लांब दगड नसेल तर काय?

दगडाऐवजी दुसरं काही चालतं, असं भारतीय मानकात सांगितलेलं आहे. मी लोखंडी सळी घातलेले काँक्रीटचे दांडे ओतले. सिमेंट वाळून घट्ट होतं असं तुम्हाला वाटतं ना? चूक! पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. म्हणून तर त्याला रोज पाणी मारायचं आणि ताकद मोजायची २८ दिवसांनी. त्याच काँक्रीटचा १५ सेंटीमीटरचा ठोकळा मशिनमध्ये दाबतात. एम-२० जातीच्या काँक्रीटचा असेल तर त्यानं सुमारे ४५ टन सोसायला हवेत. म्हणजे पाच-पाच टनांचे नऊ हत्ती! त्या दिवाळीत मी घरी गेले नाही. वसतिगृहात राहून दांड्यांना पाणी मारत बसले. प्रबंध एक सत्र उशिरा दिला. पण दांड्यांच्या भिंती टिकल्या, आणि ती फुटलेली सहावी भिंतही प्रबंधात पेननं लिहिलेली आहे.

पुढे सुट्टीत घरी गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आपल्या भिंतीत किती बटणं आहेत गं?"

आम्ही गवंडी बोलावला. थोडे दगड काढून पाहिलं. एकही नव्हतं! आमचा 'किल्ला' इतकी वर्षं नुसता नशिबानं उभा होता. मग आरपार भोकं पाडून, सळी घालून, काँक्रीट भरून घेतलं. माळवदावरची माती कमी केली. त्या रात्री मी त्या घरात पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

तर मुलांनो, शाळेच्या प्रयोगात आकडा मनासारखा आला नाही, तर लगेच खोडरबर उचलू नका. तो काय सांगतोय ते आधी ऐका. आणि तुमचं घर जुनं, दगडमातीचं असेल, तर आईबाबांना विचारा, "आपल्या भिंतीच्या पोटात काय आहे?" मात्र स्वतः कुदळ घेऊन बघायला जाऊ नका हं! त्यासाठी जाणकार इंजिनिअर बोलवा. कोण जाणे, काही वर्षांनी तो इंजिनिअर तुमच्यातलाच कुणी असेल!