वाई आणि वाइतांगी

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं राहतात. २०२५ च्या जानेवारींत त्यांच्या आग्रहावरून मी तीन महिन्यांकरितां तेथें गेलों होतों. आमच्या आजोबांच्या काळीं समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. माझ्या वांट्यास आलें तें एवढेंच, कीं विमानांत बसून बसून दोन्ही गुडघे धरले. ते मोकळे होतात न होतात तोंच नऊ वर्षांची नात वही घेऊन पुढें येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, आपला डोंगर कोणता? आपली नदी कोणती? आणि आपली नाव कोणती?"

प्रथम मला वाटलें, भूगोलाचा अभ्यास असेल. परंतु तसें नव्हतें. त्या देशाचे मूळ रहिवासी जे माओरी लोक, त्यांच्यांत अशी चाल आहे, कीं सभेंत उभें राहून आपली ओळख सांगावयाची ती आधीं आपल्या डोंगराची, मग नदीची, मग ज्या नावेंतून पूर्वज समुद्र ओलांडून आले त्या नावेची, त्यानंतर कुळाची. आणि स्वतःचें नांव अगदीं शेवटीं. या ओळखीस 'पेपेहा' म्हणतात. शाळेंत ती सर्वच मुलांस शिकवितात; मात्र दुसऱ्याचा डोंगर आपला म्हणूं नये, घरीं विचारून या, असें बाईंनीं बजाविलें होतें.

तें ऐकून मला माझ्या मुंजीचा दिवस आठवला. दोन्ही कानांस हात लावून गोत्र, प्रवर, सूत्र, शाखा म्हणावयाची व सर्वांत शेवटीं 'अमुक शर्मा मी अभिवादन करितों' असें म्हणून वाकावयाचें. आठ वर्षांच्या पोरास स्वतःच्या नांवाची घाई असते. त्यापूर्वी किती जणांची नांवें घ्यावीं लागतात, याचा मला त्या दिवशीं रागच आला होता. असो. मीं नातीस सांगितलें, "डोंगर पांडवगड, नदी कृष्णा." नावेपाशीं मात्र अडलों. तेव्हां स्वयंपाकघरांतून सूनबाई म्हणाल्या, "विमान लिही." नातीनें तें गंभीरपणें लिहून घेतलें.

"आणि गांव?" "वाई."

ती खुदकन हंसली. "आजोबा, वाइ म्हणजे पाणी! तुमच्या गांवाचें नांव पाणी!" माओरी भाषेंत खरोखरच 'वाइ' म्हणजे पाणी. इतकेंच नव्हे, तर 'कोण?' असें विचारावयाचें असतांही 'वाइ' हाच शब्द योजितात. हें ऐकल्यावर माझ्यांतला मास्तर जागा झाला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत काव्य-व्याकरण केलें व चौतीस वर्षें मुलांस संस्कृत आणि मराठी शिकविलें. संस्कृतांतही 'कः' म्हणजे कोण, आणि 'कम्' म्हणजे पाणी! आतां यांत नात्याचा संबंध कांहीं नाहीं, हें मी जाणून आहें. माओरी ही हवाई, ताहिती, सामोआ या बेटांवरील भाषांची बहीण. तिचा आणि संस्कृताचा सोयरसंबंध नाहीं. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ति ठोकून देणाऱ्या विद्यार्थ्यांस मीं आयुष्यभर रागें भरलें आहे. तरी पण कृष्णेच्या घांटावर वाढलेल्या माणसास या योगायोगाची गंमत वाटूं नये काय?

त्याच आठवड्यांत ६ फेब्रुवारीचा दिवस येत होता. त्या दिवशीं सगळ्या देशास सुटी असते. १८४० सालीं याच तारखेस वाइतांगी येथें ब्रिटिश राणीचे प्रतिनिधि व माओरी सरदार यांच्यांत तह झाला व त्यांतून आजचें राष्ट्र उभें राहिलें. 'वाइ' म्हणजे पाणी आणि 'तांगी' म्हणजे रडणें, नाद करणें. रडत्या पाण्याचें गांव! मीं चिरंजीवांस म्हटलें, "मला तेथें न्या." ऑकलंडाहून अंतर सुमारें २४० किलोमीटर आहे आणि प्रार्थना पहांटे पांचाला असते, म्हणून मध्यरात्रीं निघालों.

आम्ही पोहोंचलों तेव्हां अंधार होता. समुद्राकडून गार वारा येत होता. हिरवळीवर हजारों माणसें घोंगड्या पांघरून उभीं होतीं, आणि इतक्या माणसांचा म्हणून जो गलबला असावयाचा तो मुळींच नव्हता. समोर त्यांचें कोरीव सभागृह, ते फारे रूनांगा. तहास शंभर वर्षें झालीं त्या वेळीं, १९४० सालीं, तें उघडण्यांत आलें. आंत शिरतांना पादत्राणें बाहेर काढावयाचीं. अशा सभागृहास ते पूर्वजाचें शरीर समजतात. आढें हा त्याचा कणा आणि वांसे ह्या त्याच्या बरगड्या. दिवसा आंत जाऊन मी बसलों तेव्हां पुष्कळ दिवसांनीं घरच्या वडीलधाऱ्यांपुढें बसल्यासारखें वाटलें. प्रार्थना माओरींत आणि इंग्रजींत झाल्या. त्या ख्रिस्ती होत्या, पण पहांटेस हात जोडावयाला मला कोणाची हरकत नव्हती.

उजाडल्यावर सारा देखावा पालटला. उपसागरांत लांब युद्धनौका उतरल्या. सर्वांत मोठी 'ङातोकिमाताफाओरुआ' पस्तीस मीटर लांबीची. काउरी नांवाच्या प्रचंड वृक्षांचीं खोडें कोरून ती १९४० च्या त्याच समारंभासाठीं केली. पाऊणशेंहून अधिक वल्हीं एका तालांत पाण्यांत पडतात, तेव्हां कांठावरच्या माणसाच्या छातींतही तो ताल पडतो. पुढें दिवसभर मैदानांत गाणीं, नाच, खेळ, दुकानें. जमिनींत खड्डा करून तापल्या दगडांवर शिजविलेल्या त्यांच्या अन्नाचा मोठा लौकिक आहे. त्यांत 'कूमरा' म्हणजे आपलें रताळेंही असतें. परंतु त्याच खड्ड्यांत मांसही असल्यामुळें मीं दुरूनच वास घेतला व सूनबाईंनीं आणलेल्या पोळीभाजीवर समाधान मानिलें. तळलेली जाड पुरी मात्र दोनदां घेतली.

या सगळ्या गर्दींतून दुपारीं मी तेथील संग्रहालयांत गेलों. तेथें तहाचे दोन्ही मसुदे, इंग्रजी आणि माओरी, शेजारी शेजारी लावून समजाविले आहेत. त्यांच्यापुढें मी किती वेळ उभा होतों कोण जाणे; शेवटीं नातीला मला शोधीत यावें लागलें.

हकीकत अशी. सरकारतर्फें कॅप्टन हॉबसन आले. इंग्रजी मसुदा तयार झाला, आणि ४ फेब्रुवारीच्या रात्रीं हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानें व त्याच्या मुलानें त्याचें माओरी भाषांतर केलें. एका रात्रींत! ५ तारखेस शिडांच्या कापडाच्या तंबूंत दिवसभर वाद झाला. कित्येक सरदारांनीं 'आम्हांस गव्हर्नर नको' असें तोंडावर सांगितलें. तामाती वाका नेने यांच्यासारख्यांनीं अनुकूल भाषण केलें. ६ तारखेस सह्या होतील अशी हॉबसनसाहेबांची कल्पना नव्हती. त्यामुळें ते साध्या पोशाखांत, डोक्यावर तेवढी सरकारी टोपी घालून आले. पहिली सही होने हेके यांची. (याच हेके यांनीं पुढें सुमारें पांच वर्षांत इंग्रजांच्या निशाणाचा खांब एकदां नव्हे, चार वेळां पाडला गेला असें घडवून आणिलें, हेंही ध्यानांत ठेवावें.) त्यानंतर प्रती देशभर फिरल्या व पांचशेंहून अधिक सरदारांच्या सह्या झाल्या. इंग्रजी कागदावर त्यांपैकीं अवघ्या ३९. बाकी साऱ्या माओरी कागदावर.

आणि दोन्ही कागद एक नाहींत. इंग्रजींत लिहिलें आहे, कीं सरदार आपलें संपूर्ण सार्वभौमत्व राणीस देतात. माओरींत त्या जागीं शब्द आहे 'कावानातांगा'. 'कावाना' म्हणजे गव्हर्नर या इंग्रजी शब्दाचें माओरी रूप; मिशनऱ्यांनीं तें बायबलाच्या भाषांतरांत रूढ केलें होतें. म्हणजे सरदारांनीं दिली ती फार तर गव्हर्नरी, कारभार. उलट दुसऱ्या कलमांत भूमि, वसत्या व जें जें मोलाचें त्या सर्वांवर त्यांची 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे पुरी सरदारकी, अबाधित राखली आहे. पांच वर्षें आधीं, १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत, सत्तेसाठीं 'माना' हा भारदस्त शब्द वापरला होता. तो येथें घातला असता तर किती जणांनीं सही केली असती?

शाळेंत शिक्षक कमी पडत तेव्हां इतिहासाचे तास माझ्या अंगावर येत, आणि १८०२ चा वसईचा तह मीं अनेकदां शिकविला आहे. तेथें दुसऱ्या बाजीरावांस आपण काय गमावीत आहों हें ठाऊक होतें. त्यांनीं तें भीतीनें गमाविलें. वाइतांगीची गोष्ट निराळी आहे. येथें ऐकणाऱ्यानें विश्वासानें ऐकलें. पुढें लढाया झाल्या, जमिनी जप्त झाल्या. १८७७ सालीं एका मुख्य न्यायाधीशानें हा तह कायद्याच्या दृष्टीनें शून्यवत् ठरविला. मूळ कागद सरकारी तळघरांत पडले, त्यांस पाणी लागलें, उंदरांनीं कडा कुरतडल्या. १९०८ सालीं ते तशाच स्थितींत सांपडले. आज माओरींच्या हातीं देशाची सुमारें विसावा हिस्सा भूमि उरली आहे. १९७५ सालीं व्हिना कूपर या ७९ वर्षांच्या वृद्धेनें उत्तर टोंकापासून राजधानीपर्यंत पायीं मोर्चा नेला. त्याच सालीं तहाच्या तक्रारी ऐकण्यासाठीं न्यायमंडळ स्थापन झालें, आणि २०१४ सालीं त्या मंडळानेंच निर्णय दिला, कीं १८४० सालीं उत्तरेकडील सरदारांनीं सार्वभौमत्व दिलेंच नव्हतें.

हें सारें वाचीत असतां मला तेथें बसावयास जागा शोधावी लागली. त्याचें कारण वाइतांगी नव्हे, वाई.

माझ्या वडिलांमागें १९८८ सालीं आमच्या घराच्या वांटण्या झाल्या. धाकटे काका ऐन तिशींत वारले होते; काकूंस मूल नव्हतें. वकिलांनीं मसुदा दिला, त्याची स्वच्छ प्रत मीं केली व ओसरीवर सर्वांदेखत वाचून दाखविली. मागल्या दोन खोल्या व आडाकडचें परसूं काकूंस 'तहहयात राहण्या-वहिवाटण्यासाठीं' दिलें आहे, असे शब्द होते. काकूंनीं विचारलें, "अरे, म्हणजे माझ्याच ना त्या?" मीं म्हटलें, "तुमच्याच, काकू." खोटें बोलावें असा हेतु नव्हता. जेवणाची वेळ टळत होती, वकील घड्याळाकडे पाहत होते, आणि वहिवाट व मालकी यांतलें अंतर त्या घटकेस फोडून सांगणें मला जड गेलें. काकूंनीं कागदाकडे पाहिलें नाहीं. माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि सही केली.

बारा वर्षांनीं, दुखण्यांत जिनें त्यांची उठबस केली त्या भाचीस त्या खोल्या लिहून द्याव्या असें काकूंच्या मनांत आलें. तेव्हां कागद बाहेर निघाला. काकू मला एवढेंच म्हणाल्या, "तूं वाचून दाखविलेंस तेव्हां तर असें नव्हतें." मीं पुन्हां वाचून दाखविलें. अक्षर न् अक्षर तेंच होतें. मला त्या वेळीं आपण निर्दोष आहों असेंच वाटलें, हें लिहितांना आज लाज वाटते. पुढल्या वर्षीं काकू गेल्या. खोल्या माझ्या व चुलतबंधूंच्या नांवें आल्या. भाची अजून वाईंतच भाड्याच्या जागेंत राहते.

संग्रहालयाबाहेर आलों तों झेंडे घेतलेला मोठा जमाव मैदानांतून चालला होता. लाल, काळे, पांढरे झेंडे. तहाच्या तत्त्वांचा नवा अर्थ कायद्यानें ठरवावा असें एक विधेयक त्या वेळीं संसदेच्या समितीपुढें होतें. त्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्यें हजारों लोक चालत संसदेपर्यंत गेले होते. (पुढें १० एप्रिल २०२५ रोजीं तें ११२ विरुद्ध ११ मतांनीं फेटाळलें गेलें.) मला नवल वाटलें तें हें, कीं त्याच मैदानांत मुलें साखरेचा कापूस खात होतीं, त्याच झाडाखालीं बायका गात होत्या आणि त्यांच्यामधूनच हा जमाव घोषणा देत गेला, कोणी कोणाला 'आज सणाचा दिवस आहे, गप्प बसा' असें म्हटलें नाहीं. आमच्याकडे २६ जानेवारीस झेंड्याखालीं उभें राहून सरकारला कोणी जाब विचारील तर काय होईल, याचा मीं थोडा वेळ विचार केला. जमावांतील एक वृद्ध गृहस्थ दम खाण्यास माझ्या बांकावर बसले. नातीनें त्यांस आपली पेपेहा म्हणून दाखविली. कृष्णेचें नांव आलें तेव्हां त्यांनीं तिला तें पुन्हां उच्चारावयास सांगितलें, स्वतः दोनदां म्हणून पाहिलें, आणि मग माझ्याकडे वळून विचारलें, "तिला पाणी आहे ना अजून?" मीं म्हटलें, "आहे."

परत येतांना नात गाडींत झोंपली. घरीं पोहोंचल्यावर मी चुलतबंधूंस पत्र लिहावयास बसलों. पहिली ओळ तीनदां खोडली. अखेर इतकेंच लिहिलें, कीं मागल्या दोन खोल्यांची किल्ली सध्यां कोणापाशीं आहे तें कळवावें. माझ्या हिश्शापुरता कागद मला नव्यानें करावयाचा आहे, आणि तो वाचून दाखविण्यास या खेपेस मीं नव्हे, तर भाचीनें सांगितलेल्या माणसानें बसावें.