करुमाडीचे बुद्ध आणि काथ्याचा भुसा

आमच्या वस्तीतील विहाराचे अंगण फरशीचे. म्हणून 14 एप्रिलला आम्ही बोधिवृक्षाचे रोप मोठ्या कुंडीत लावले. माती मिळेना, तेव्हा बाजारातील काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, भरले. महिन्याभरात पाने पिवळी पडली. मुले रोज विचारीत, "काका, झाड मरणार का?"

हीच रुखरुख मनात घेऊन आम्ही चौघे कार्यकर्ते सुट्टीत केरळला गेलो. आलप्पुझा जिल्ह्यात अंबलप्पुझाजवळ करुमाडी हे गाव आहे. तेथे काळ्या पाषाणाची प्राचीन बुद्धमूर्ती आहे. तिची डावी बाजू नाहीशी झाली आहे. गावकरी तिला 'करुमाडीकुट्टन' म्हणजे करुमाडीचा मुलगा म्हणतात. अर्धे अंग गेले, पण मुखावरची शांती तशीच! आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले.

हा सारा मुलूख काथ्याचा. पूर्वी नारळाची सोडणे महिनोन्‌महिने मचूळ पाण्यात कुजत घालीत. पाण्यातील सूक्ष्मजीव ती सैल करीत, मग बाया मोगरीने बडवून काथ्या काढीत. आता बरेच काम यंत्रावर होते. मागे उरणाऱ्या भुशाचे ढीग मात्र जागोजागी दिसतात.

काथ्याच्या एका शेडमध्ये एका कष्टकरी ताईंना आम्ही आमचे दुखणे सांगितले. त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "यह पानी रखता है, खाना नहीं देता." अगदी खरे! भुशात लिग्निन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो कुजवताना सूक्ष्मजीव नत्र स्वतःकडे ओढतात आणि झाड उपाशी राहते. म्हणून जिल्ह्यातीलच कलवूर येथील केंद्रीय काथ्या संशोधन संस्थेने धिंगरी अळिंबीच्या जातीची बुरशी वापरून खत करण्याची रीत काढली. टनाला 5 किलो युरिया घालून सुमारे महिनाभरात खत तयार होते.

घरी आल्यावर आम्ही भुसा दोनतीन पाण्यांनी धुऊन त्यातील क्षार काढले. दोन वाटे भुसा, एक वाटा गांडूळखत आणि ओंजळभर जुन्या झाडाखालची माती असे मिश्रण केले. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग घालू लागलो, कारण त्यातील क्लोरीन जंतूंना मारक. कुंडीच्या तळाला भोके पाडली, कारण या उपकारी जीवांना हवाही लागते. कुंडीत पाणी साचू दिले नाही.

दीड महिन्याने तांबूस कोवळी पाने फुटली. मुलांनी आरडाओरडा करून सारी वस्ती गोळा केली!

माता-भगिनींनो, खिडकीतल्या डब्यात मेथी, मिरची लावताना नुसता भुसा भरू नका. त्यात जिवंत खत घाला.

जयभीम!