लाउ पा सातची रात्र

भारतात जाताना यंदा सिंगापूरला दोन रात्री मुक्काम केला, तो खरं म्हणजे हॉस्टेलच्या दोन मित्रांसाठी. एक तिथलाच रहिवासी, दुसरा मुद्दाम पुण्याहून आलेला. बावीस वर्षांनी भेटत होतो. "पोटं तेवढी वाढली, बाकी तेच!" वगैरे झालं आणि आम्हा नवरा-बायकोची वरात थेट लाउ पा सातला निघाली.

१८९४ सालचा हा अष्टकोनी बाजार. ओतीव लोखंडाचे खांब-कमानी ग्लासगोहून आणलेल्या. १९८६ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी अख्खा सांगाडा सुटा करून ठेवला आणि नंतर पुन्हा जोडला! तिघेही इंजिनिअर, त्यामुळे खांबांवर टिचक्या मारणं आलंच. "आधी ऑर्डर द्या," सौ. म्हणाली.

संध्याकाळी शेजारचा बून टॅट रस्ता गाड्यांना बंद करून टेबलं मांडतात. कोळशावर 'साते' भाजत असतात; काडीला टोचलेले कोंबडीचे तुकडे आणि सोबत दाण्याची दाट चटणी. ती चाखून पुणेकर म्हणाला, "आईच्या दाण्याच्या आमटीची आठवण झाली." (कोंबडी खाताना उपासाची आमटी!) आम्ही हसलो. तो हसला नाही.

"आई गेली तेव्हा तुम्ही दोघांनी फोनसुद्धा केला नाहीत रे."

पत्र लिहायला घेतलं होतं, राहून गेलं. तिचे लाडवांचे डबे हॉस्टेलवर आम्हीच फस्त केलेले. काय बोलणार?

सिंगापूरकराने गुपचूप आणखी दहा काड्या मागवल्या. मग रात्री एकपर्यंत तिच्याच गोष्टी निघाल्या.

टॅक्सीत बसताना पुणेकर म्हणाला, "पुण्यात आलात की घरी उतरायचं. हॉटेलात नाही."