मिलवॉकी : बेसबॉल, बिअर आणि ब्राट

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण उन्हाळ्यात गाडी काढायची आणि शहरोशहरी मॅच बघत, खात-पीत भटकायचं, हे अमेरिकेतलं भारी प्रकरण आहे. शिकागोतल्या माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, 2025 च्या उन्हाळ्यात पाच शहरांचा बेत आखला होता. जूनच्या सुरुवातीला त्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस! पाचातलं एकच शहर उरलं, मिलवॉकी. तिकिटं काढून झाली होती आणि शिकागोहून गाडीने जेमतेम दीड तास.

वाटेत केनोशाला हायवेलगत चक्क किल्ल्यासारखं दिसणारं चीजचं दुकान लागतं, मार्स चीज कॅसल. तिथे चीज कर्ड्‌स घ्याच. ताजे असतील तर दाताखाली कुंई कुंई वाजतात, शिळे झाले की गप्प. (आपल्या पनीरने हे कधी केलं नाही बुवा!)

खरी पार्टी स्टेडियमच्या आत नाही, पार्किंगमध्ये. मॅचच्या दोन-तीन तास आधीच लोक डिकी उघडून कोळशाच्या शेगड्या पेटवतात. 19व्या शतकात इथे आलेल्या जर्मनांनी बिअरचे कारखाने काढले. मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ, सगळे याच गावचे. म्हणून टीमचं नावही ब्रुअर्स, म्हणजे बिअर बनवणारे! शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी न विचारताच आमच्या हातात एकेक ब्राट ठेवलं. ब्राट म्हणजे जर्मन सॉसेज. बिअर-कांद्यात उकळायचं, मग निखाऱ्यावर भाजायचं. सही लागतं.

आजोबांच्या गाडीत रेडिओ चालू होता. 1971 पासून ब्रुअर्सची कॉमेंट्री करणारा बॉब युकर जानेवारी 2025 मध्ये गेला, तरी रेडिओ लावायची सवय काही जात नाही म्हणाले. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत वाढलेल्या आपल्या काका-मामांना हे पटकन कळेल. स्टेडियममध्ये अगदी वरच्या, शेवटच्या रांगेत युकरचा पुतळा बसलाय. लोक शेजारी बसून फोटो काढतात.

2001 साली उघडलेल्या या स्टेडियमचं छप्पर सरकतं, त्यामुळे पावसाचं टेन्शन नाही. ब्रुअर्सने होम रन मारला की बर्नी नावाचा मिशाळ मॅस्कॉट घसरगुंडीवरून खाली येतो. आणि सहाव्या इनिंगमध्ये पाच माणसं सॉसेजचे अवाढव्य पोशाख चढवून शर्यत लावतात! एवढा वेळ गप्प असलेला दादा 'चोरिझो, चोरिझो' करत खुर्चीवर उभा राहिला.

रात्री गाडी हॉटेलवर ठेवा आणि टॅक्सी करा. आधी लिऑन्स. 1942 पासूनचा, निऑन दिव्यांनी झगमगणारा फ्रोझन कस्टर्डचा ठेला. आइस्क्रीमचाच भाऊ, पण अंड्याच्या बलकाने जास्त दाट. मग ब्रायंट्स. 1938 चा हा कॉकटेल बार इतका अंधारा की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. इथे मेन्यूच नाही. 'तुम्हाला काय आवडतं?' बारटेंडर विचारतो आणि त्यावरून ग्लास बनवतो. 'महिन्याभरात इतका सोपा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता गं,' दादा म्हणाला. मी मात्र विस्कॉन्सिनचं लाडकं ओल्ड फॅशन्ड मागितलं. बाकी अमेरिका त्यात व्हिस्की घालते, इथे ब्रँडी. वर गोड सोडा हवा की आंबट, ते आधीच सांगायचं. गोड सांगितलंत तर सरबत समजून घटाघट पिऊ नका. चढते.

शुक्रवार-शनिवारी इथले बार अडीचपर्यंत चालू असतात. आम्ही दोनला उठलो. दादाचे तेव्हा बावीस दिवस उरले होते. बिलाला त्याने मला हातही लावू दिला नाही.