परवान्यावरील तारीख

परवा येथे दिल्लीत विम्याच्या एका अर्जात वाहन-परवाना मिळाल्याची तारीख लिहावयाची होती. दिवसभर परक्यांच्या अर्जांतील तारखा तपासणारा मी स्वतःच्याच अर्जापाशी अडलो. कारण परवान्यावर तारखा दोन! एक, पत्ता बदलून घेतलेल्या नव्या कार्डाची; दुसरी, कडेला उभ्या ओळीत छापलेली, पहिल्या परवान्याची.

क्रमांक पाहिला. ‘एमएच १२’ म्हणजे पुणे; आणि त्यापुढेच २०११ हे वर्ष. त्या दिवशी माझी चाचणी संपेपर्यंत वडील फाटकाशी उन्हात उभे होते. आज ते नाहीत.

खिडकीतील गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, “पहली वाली लिखिए.”

बदलीने पत्ता पालटला. क्रमांकातले पुणे मात्र तसेच राहिले. ती तारीख मी सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिली.